चिखलातले पाऊल

इसवी सन दोन हजार चोवीसच्या नोव्हेंबर महिन्यात, एका सोमवारी सकाळी, कोल्हापुरातील एका कला महाविद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर संशोधन समितीची बैठक भरली. आणि अॅनिमेशनचे अधिव्याख्याते प्रसेनजीत चिखलाने भरलेले घमेले घेऊन तीत दाखल झाले.

"हे काय?" विभागप्रमुख संयोगिता मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

"पुरावा," म्हणत प्रसेनजीतांनी घमेले वर्तमानपत्रावर टेकवले.

"अहो, कालच फरशी पुसून घेतलीय की! तपासणी तोंडावर आलीय."

"तपासणीसाठीच आणलंय, मॅडम."

बैठकीपुढचा प्रश्न सरळ होता. भाताची रोपे लावत मागे मागे सरकणाऱ्या एका बाईचा चार मिनिटांचा चित्रपट प्रसेनजीतांनी तीन पावसाळे खर्चून हाताने रेखाटला होता. छापील शोधनिबंध मात्र त्यांच्या नावावर एकही नव्हता. आणि ज्या शिक्षकाचे संशोधन नाही त्याला स्वतंत्र खोली नाही, असा महाविद्यालयाचा नवा नियम होता. कागदाखालून उजेड देणारी मेजे ज्या खोलीत मांडली होती, जिथे मुले अजून पेन्सिलीने एकेक चित्र काढून त्यातल्या माणसाला चालायला शिकवीत, ती त्यांची खोली संगणकांसाठी मागितली गेली होती. खोली गेली की हाताने काढणे गेले, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"चित्रपट सुंदर आहे," मॅडम म्हणाल्या. "पण संशोधन वाचता आलं पाहिजे. हे मी कुठल्या रकान्यात भरू?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मीसुद्धा रंगवत होते, प्रसेनजीत. निबंध लिहायला लागले तेव्हा ब्रश ठेवला. हौसेनं ठेवला नाही."

प्रसेनजीत माघार घ्यायला आलेले नव्हते.

"आधी माझी चूक बघा," ते म्हणाले आणि चित्रपटाचा पहिला खर्डा त्यांनी प्रोजेक्टरने भिंतीवर दाखवला.

समितीचे बाहेरचे तज्ज्ञ अझीम सर गालात हसले. ते मूळचे शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापूरचे. हयात पुण्याच्या स्टुडिओत चित्रे हलवण्यात गेलेली. "बाईला पुढं चालवलंस आणि चित्रं उलट्या क्रमानं लावलीस. आम्ही जन्मभर त्येच केलं की! निम्मी मेहनत वाचती."

"व्हय सर. डांबरी रस्त्यावर खपतं. आता बूट काढा."

"आँ?"

"बूट, मोजा, दोन्ही. उजवा पाय घमेल्यात घाला."

"पावण्याला पाय धुवायला पाणी देत्यात, बाबा. तू चिखल देतोस!" असे म्हणत सरांनी बूट काढला. पाय घोट्यापर्यंत अलगद गेला.

"आता काढा."

पाय निघेना. टाच अडली, पोटरी ताणली गेली, आणि अखेर चिखलाने तो असा हिसड्याने सोडला की सरांना टेबल धरून सावरावे लागले. दोन शिंतोडे मॅडमच्या फायलीवर उडाले.

"चिखल पाय घेतो लगेच, सोडतो उशिरा," प्रसेनजीत म्हणाले. "चित्रं उलटी लावली की पाय झटक्यात सुटतो आणि सावकाश बुडतो. शाहूवाडीच्या एकाही वावरात तसं होत नाही. ही बाई म्हणजे माझी आई; ती हवेत लावणी करत नव्हती. म्हणून तो खर्डा टाकून दिला, वावरात उभा राहिलो आणि सगळं नव्यानं काढलं. हे मला आधी ठाऊक नव्हतं, मॅडम, काढताना कळलं. ह्याला संशोधन म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?"

नव्याने काढलेला चित्रपट लागला. बाईचे पाऊल रुतले, अडले, सुटले. अझीम सरांनी तो पुन्हा लावायला सांगितला आणि एका पायात बूट नसतानाच ते भिंतीशी जाऊन उभे राहिले. या खेपेस ते पायांकडे पाहत नव्हते.

"रोपांची मूठ डाव्या हातात. उजव्यानं लावती. बरोबर?"

"बरोबर."

"पाय अडकलाय, तरी उजवा हात रोप लावतोयच. असं हुतं?"

प्रसेनजीत थबकले. मग चप्पल काढून, समितीच्या डोळ्यांदेखत त्यांनी घमेल्यात पाय रोवला, कमरेत वाकले आणि पाय मागे ओढू लागले. उजवा हात जमिनीकडे गेलाच नाही. तो आपसूक गुडघ्यावर येऊन टेकला.

तसेच वाकून त्यांनी त्या हाताकडे पाहिले.

"न्हाय हुत," ते म्हणाले. "परत काढतो."

मॅडमनी फायलीवरचा चिखल पुसला आणि लेखणी उचलली. "सर, मी काय लिहू?"

अझीम सर मोजा चढवीत होते. "लिहा," ते म्हणाले. "पाय खरा झालाय. हात अजून खोटा हाय. फुडचा पावसाळा सरंपर्यंत ह्याची खोली काढून घेऊ नका."