सहावं ‘तुम्ही’

थोरल्याची यादी मंगळवारी सकाळी धाकटीच्या फोनवर आली आणि संध्याकाळी ती ऑफिसातून छापून घेऊनच घरी आली. फोनवरचं वाचायला तिच्या वडिलांना आवडत नसे. डोळे चांगले होते, पण काचेवरचं अक्षर त्यांना पटत नसे. कागदावर उतरलं की मग ते खरं.

वडील मुद्रितशोधक. बत्तीस वर्षं एकाच छापखान्यात, एकाच खिडकीशी, एकाच खुर्चीवर बसून ते लोकांची पुस्तकं, पत्रिका आणि औषधांच्या खोक्यांतली बारीक चिठोरी छापायच्या आधी वाचत आले होते. चूक दिसली की समासात लाल खूण. छापखान्यात सगळे त्यांना रफारकाका म्हणत. समोर म्हणत, आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

“अहो, चहा गार होतोय,” धाकटीची आई, म्हणजे ओघानेच काकू, म्हणाल्या.

“होऊ दे,” काका म्हणाले. यादी त्यांनी अजून हातात घेतली नव्हती. टेबलावर लांब सरकवून ठेवली होती, गरम भांडं ठेवावं तशी.

थोरला चार वर्षांपूर्वी फ्रेंच बोलणाऱ्या एका शहरात नोकरीला गेला. निघताना त्याने वडिलांना पत्र लिहिलं. तोंडाने बोलणं दोघांनाही जमत नसे. तीन पानं. बाबा, तुमचा राग आहे हे मला कळतं, पण मी पळून जात नाहीये, मला आशिर्वाद द्या, असं बरंच काही. काकांनी ते दोनदा वाचलं. काय करावं ते समजेना, आणि माणूस गोंधळला की हात सवयीच्या कामाला लागतो. त्यांनी लाल पेन घेतलं. सतरा चुका निघाल्या. ‘आशिर्वाद’ खोडून त्यावर ‘आशीर्वाद’ लिहिला आणि पत्र पोराच्या बॅगेवर ठेवून दिलं.

शब्द शुद्ध करून दिला. आशीर्वाद दिलाच नाही.

तेव्हापासून फोन यायचा तो आईला. बाबा कसे आहेत, बरे आहेत, एवढ्यावर विषय संपायचा. पलीकडच्या खोलीत काका वर्तमानपत्र उघडून बसायचे आणि तासभर पान उलटायचे नाहीत. आता उन्हाळ्यात घरच्यांनी यावं असं त्याने कळवलं होतं. आईला म्हणाला, “ये गं, धाकटीलाही आण.” तिसऱ्या माणसाचं नाव निघालं नाही. काकूंनी विचारायचं मनात आणलं होतं, पण तेवढ्यात आवाज तुटला, निदान त्या तसं म्हणाल्या.

तिकिटं शुक्रवारपर्यंत काढायची होती. दोन की तीन, एवढाच प्रश्न होता.

“वाचा तरी,” काकू म्हणाल्या. “पण हात मागे बांधून वाचा.”

काकांनी यादी ओढली.

वर मथळा होता: ‘ऊन्हाळ्यात काय काय बघायचं’. पहिलाच उ दीर्घ. काकांचा अंगठा तर्जनीवर घासला गेला.

‘आई, किल्ल्याला दोनशे पायऱ्या आहेत. तू मागच्या बाजूच्या लिफ्टने ये. धाकटे, तू चढ, तुला मस्ती फार आहे. दुकानात शिरताना तुम्ही आधी बोंजूर म्हणा, मगच काय हवं ते सांगा, नाहीतर दुकानदार ऐकूनच घेत नाही. चौकातल्या नळाचं पाणि पिण्याचं असतं, बाटल्या विकत घेऊ नका. दुपारी बारा ते दोन सगळं बंद, तेव्हा तुम्ही बागेत बसा. तिथल्या हिरव्या खुर्च्या उचलून सावलीत नेल्या तरी कुणी काही म्हणत नाही…’

पोराची यादी होती झकास. कुठली ट्राम खिडकीतून नदी दाखवते, कुठल्या संग्रहालयात महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट सोडतात, पाव कुठल्या कोपऱ्यावर सकाळी घ्यावा. चार वर्षं तो त्या गावात काय काय बघत होता, ते काकांना आज पहिल्यांदा कळत होतं. वाचता वाचता ते मोजायला लागले.

“सहा,” ते शेवटी म्हणाले.

“सहाच चुका?” धाकटीने विचारलं. “सुधारला की!”

“चुका चौदा आहेत. ‘तुम्ही’ सहा आहेत.”

आता यात अडचण काय, ते आपल्या घरात ऐकून बघा. त्या घरात आईला तू, बहिणीला तू, आणि वडिलांना तुम्ही. पण आई आणि बहीण दोघींना मिळून बोलायचं तरी तुम्हीच. शब्द एकच. त्यातली पाच ‘तुम्ही’ सरळ होती, दोघींची. सहावं शेवटून दुसऱ्या ओळीत होतं: ‘नदीकाठी पुलाजवळ एक बाक आहे. सकाळी सात वाजता तिथे कुणी नसतं. तुम्ही तिथे वाचत बसा, मी कामावर जाताना येईन.’

“बाबा, हे तुम्हालाच आहे,” धाकटी म्हणाली. “सात वाजता मी कुठे असते?”

“अंथरुणात.”

“आणि आई?”

“देवापुढे,” काकूच म्हणाल्या. “परदेशात गेले म्हणून देव का उशिरा उठणार आहे?”

“तिकडे गेल्यावर झोपेची वेळ उलटीपालटी होते म्हणे,” काका म्हणाले. “तुम्ही दोघी लवकर उठाल असं धरून लिहिलं असेल. वाक्यावरून काहीच सिद्ध होत नाही.”

“काय बाई हा माणूस! आमंत्रणाला पुरावा मागतो.”

“फ्रेंचमध्येसुद्धा असंच आहे, बाबा,” धाकटी म्हणाली. दोन महिने ती फ्रेंचच्या शिकवणीला जात होती. “तू म्हणजे त्यू, तुम्ही म्हणजे व्हू. पण तिथे बापाला त्यू म्हणतात.”

“आणि अनेकांना?”

“अनेकांना व्हू.”

“म्हणजे घोळ तिथेही आहेच,” काका म्हणाले आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

त्या संध्याकाळी काकूंनी दिवा लावला, हात जोडले आणि नेहमीसारखं पुटपुटल्या, तू सगळ्यांना सांभाळ. काका दारात उभे होते. इतकी वर्षं ऐकलेलं त्यांना त्या दिवशी नव्याने ऐकू आलं. ज्याच्यापुढे लोटांगण घालायचं, ज्याला विश्वाचा धनी म्हणायचं, त्याला माणूस बेधडक तू म्हणतो. आणि ज्याच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिली, त्या बापाला अहो-जाहो. देवाने हे अंतर पुसून टाकलं. बापाने कधी पुसायला घेतलंच नाही. तो आपला समासात बसून राहिला, चुकांची वाट बघत.

“विचारू का त्याला?” ते म्हणाले.

काकूंनी वळून पाहिलं. “विचारा की. पण त्या लाल पेनाने विचारलंत, तर मी तुमच्याशी बोलायची नाही.”

बुधवारी सकाळी काकांनी साधी शिसपेन्सिल टोक करून घेतली. यादी पुढ्यात ठेवली. ‘ऊन्हाळ्यात’वरून पेन्सिल हळूच पुढे नेली. ‘पाणि’वर मात्र ती आपोआप थांबली. धाकटी श्वास रोखून बघत होती.

“असू दे,” काका स्वतःशीच म्हणाले. “ऱ्हस्व असलं म्हणून तहान भागायची थांबत नाही.”

चौदाच्या चौदा चुका त्यांनी तशाच सोडल्या. शेवटून दुसऱ्या ओळीत सहाव्या ‘तुम्ही’भोवती फिकट गोल काढला, समासात प्रश्नचिन्ह केलं आणि बारीक अक्षरात लिहिलं: ‘एक की अनेक?’ मग पेन्सिल खाली ठेवली.

“फोटो काढ आणि पाठव,” ते म्हणाले.

“बाबा, याचा अर्थ त्याला कळेल ना? परत पेपर तपासला असं वाटलं तर?”

“तर दोन तिकिटं काढ.”

बुधवार गेला. उत्तर आलं नाही. धाकटीने तिकडे रात्र असेल, तो कामात असेल, अशी कारणं पुरवली. काका कामावर गेले, खिडकीशी बसले, आणि एका साबणाच्या वेष्टनावरची ढळढळीत चूक त्यांच्या नजरेतून सुटली. शेजारी अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्याने ती दाखवली आणि विचारलं, “रफारकाका, घरी सगळं ठीक ना?”

गुरुवारी जेवताना धाकटीचा फोन वाजला. तिने वाचलं आणि ताटावरच थांबली.

“काय म्हणतो?” काकूंनी विचारलं.

“एकच शब्द आहे. ‘आदरार्थी.’”

काकूंना काही समजलं नाही. “म्हणजे काय गं?”

“म्हणजे एकच माणूस, आई. पण मानाचा.”

काकांनी घास ताटात ठेवला. फोन पुन्हा वाजला.

“अजून एक आलाय,” धाकटी म्हणाली आणि वाचता वाचता तिचा आवाज हसू आणि रडू यांच्यामध्ये कुठेतरी अडकला. “‘बाबांनी बाकीच्या चुका का नाही काढल्या? त्यांची तब्येत बरी आहे ना? खरं सांग.’”

काकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. काकांनाही हसू आलं, पण ते डोळ्यांतून आलं. बराच वेळ त्यांनी ते पुसलं नाही.

“काय लिहू?” धाकटीने विचारलं.

“लिही, तब्येत ठणठणीत आहे. आणि म्हणावं,” ते क्षणभर थांबले, “म्हणावं, चुका चौदा आहेत. तू शेजारी बसलास की एकेक सांगीन. आधी तू बोल.”

जेवण झाल्यावर धाकटी तिकिटांचा फॉर्म उघडून बसली. प्रवासी किती या चौकटीत तिने तीन लिहिलं. काका चष्मा लावून तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले आणि पडद्याकडे वाकले.

“नावं पासपोर्टाशी ताडून बघ,” ते म्हणाले. “इथे चूक राहिली तर आत सोडणार नाहीत. एक-एक अक्षर मोठ्याने म्हण, मी ऐकतो.”

आणि धाकटी म्हणायला लागली.