मनातला हापूस

यज्ञेश्वर लिमये यांनी जन्मभर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं, पण स्वतःच्या जिभेपुढे ते कायम नापासच. मधुमेह निघाल्यावर डॉक्टरांनी आंबा बंद केला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात सदाशिव पेठेतला हा विद्वान गृहस्थ फळवाल्याच्या गाडीपाशी येऊन उगाचच चपलेचा अंगठा नीट करत उभा राहायचा.

यंदा मात्र त्यांनी कहर केला. मार्केट यार्डातून हापूसची पेटीच आणली आणि दिवाणाखाली गवत पसरून अढी लावली.

"हे कोणाच्या घशात जाणार आहे?" कुसुमताईंनी कमरेवर हात ठेवून विचारलं.

"कोणाच्याच नाही. प्रयोग आहे. अगं, आवडणं वेगळं आणि हाव सुटणं वेगळं. मेंदूत दोन्हीचे कारभार निराळे. मनातल्या मनात घासामागून घास आंबा खात राहिलं, की मेंदू कंटाळतो आणि हाव उतरते. हे आंबे पिकतील, घमघमतील, आणि मी ढुंकूनही बघणार नाही."

"बघूया. पण एक फोड जरी तुमच्या तोंडात गेली, तर या घरात पुन्हा आंबा येणार नाही. वासालासुद्धा."

यज्ञेश्वररावांनी दिवाणाखाली एकवार नजर टाकली. खायला नाही तर नाही, निदान वास तरी हवा होता. पण शब्द दिला.

रोज दुपारी अख्खी पेठ वामकुक्षी घेत असताना ते खुर्चीत डोळे मिटून बसू लागले. मास्तरकीची सवय हाडीमाशी खिळलेली, त्यामुळे मनातल्या मनात त्यांना काही जमतच नसे. सगळं मोठ्यानं. "साल काढलं... पहिली फोड. गार आहे. दुसरी फोड. आता कोय. रस चालला कोपरापर्यंत..." शेजारी कुसुमताई खाली मान घालून मेथी निवडत असत.

आणि काय सांगावं, प्रयोग लागू पडला! घरभर घमघमाट सुटला तरी यज्ञेश्वररावांना आंबा आणि दुधी भोपळा सारखाच वाटू लागला. एका दुपारी ते ही विजयवार्ता सांगायला स्वयंपाकघरात गेले.

कुसुमताई सिंकवर वाकून कोय चोखत होत्या. ओट्यावर सालांचा ढीग पडला होता.

"कुसुम! तुला तर आंबा आवडत नाही ना?"

"तुम्हाला बंद झाला, तेव्हापासून आवडत नाही," त्या कोय न सोडता म्हणाल्या. "आणि अहो, रोज कानाशी फोडी मोजता. माणसानं सोसायचं तरी किती?"

यज्ञेश्वररावांना स्वतःची भयंकर लाज वाटली. माणसाच्या इच्छा शिकवण्यात हयात गेली, आणि घरातली एक कधी दिसली नाही. त्यांनी अढीतला सगळ्यात पिवळा आंबा आणला, कापला आणि बशी बायकोपुढे सरकवली.

कुसुमताई स्टुलावर टेकल्या. पहिली फोड तोंडात जाताच त्यांचे डोळे आपोआप मिटले, हनुवटीवरून रस ओघळला, आणि त्या लहान मुलीसारख्या स्वतःशीच हसल्या.

झालं! यज्ञेश्वररावांच्या तोंडाला असं पाणी सुटलं, की इतक्या दिवसांची तपश्चर्या मातीमोल झाली. बघता बघता बशीत दोनच फोडी उरल्या.

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

"तूच खा," ते आवंढा गिळत म्हणाले. "पुढच्या वर्षी दोन पेट्या आणू."