वाणाचं ताट

वर्षाराणीच्या घरी पाहुणा जेवायला आला की आधी मोबाइल जेवायचा, मग पाहुणा. जाफराबादेत ही रीत तिनंच आणली. वरण निवो, भात निवो, ताटाला चारी बाजूंनी उजेड मिळाला पाहिजे. तिच्या नवऱ्यानं, अंगदनं, दोन वर्षांत गरम पोळी अशी खाल्ली नव्हती.

ह्या सगळ्यामागे धंदा होता. जालन्यात लालचंद शेठच्या भांड्यांच्या दुकानात बाया जुनं पितळ, कासं मोडीत घालायच्या आणि झगझगीत स्टील घेऊन सुटकेचा श्वास टाकत घरी जायच्या. ती मोड वर्षाराणी उचलून आणायची, चिंचेनं घासायची, खाली केळीचं पान अंथरायची आणि मोबाइलवरच्या आपल्या पानावर लिहायची, 'पणजीच्या मायेचा ठेवा'. कोणाची पणजी, हे लालचंद शेठलाही ठाऊक नव्हतं. पणजी काही तक्रार करायला येणार नव्हती.

सासूबाई गोपिकाबाई एवढंच म्हणाल्या होत्या, "काळं पडलं की मोड, घासलं की वारसा. चिंचेचे उपकार हायत बाई."

त्या मोडीत एक ताट मात्र खरंच देखणं निघालं. काशाचं, जडशीळ, काठावर कोरलेली बारीक वेल, बोटानं टिचकी मारली की देवळातल्या घंटेसारखा नाद. ते पुण्याच्या रूपल मॅडमनी पसंत केलं. रूपल मॅडमचं माहेर जालन्याचं, आणि पुण्यात त्यांचा व्यवसाय लोकांच्या घरच्या मेजवान्या मांडून देण्याचा. घर दुसऱ्याचं, पाहुणे दुसऱ्याचे, स्वयंपाक तिसऱ्याचा. मांडणी तेवढी मॅडमची. रविवारी कुणाकडं तरी आमरसाची पंगत होती. त्या पंगतीत हे ताट मधोमध शोभलं, तर वर्षभराची सगळी जुनी भांडी वर्षाराणीकडूनच घ्यायची, असं ठरलं होतं. ताट तेवढं उद्या सकाळच्या कुरिअरनं निघायला हवं होतं.

अंगदचं खताचं दुकान. त्यानंही आपलं ठरवून टाकलं होतं. "हे जमलं तर तुझं तू बघ. न्हाई जमलं तर ती मागची खोली मोकळी कर. मला गोण्या ठेवायला जागा न्हाई."

आणि नेमका आजच धोंडा आला.

अधिकाचा महिना, म्हणजे जावयाचा महिना. तीन वर्षांनी एकदा येतो म्हणून सासुरवाड्या अजून टिकून आहेत. नणंद प्रांजली आणि तिचे यजमान बिभीषणराव अंकुशनगरहून यायचे होते. बिभीषणराव साखर कारखान्यात होते, आणि बोलण्यात गोडी तेवढी कारखान्यातच ठेवून येत. त्यांच्यासाठी पुरण भरून उकडलेले धोंडे, गावरान आंब्यांचा रस, कुरडया, कटाची आमटी आणि वाणाला तेहतीस अनारसे असा बेत होता. अनारशांचं पीठ गोपिकाबाईंनी आठवडाभर आधी घातलं होतं आणि त्या पिठाला वर्षाराणीला हात लावू दिला नव्हता. "तू फोटो काढ," त्या मऊ आवाजात म्हणाल्या होत्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे. त्यामुळं टोमणा कुठं लागला ते घरातल्यांना दुसऱ्या दिवशी समजायचं.

वर्षाराणीच्या डोक्यात कल्पना आली ती सकाळी. वाण त्या काशाच्या ताटात ठेवायचं. सासू जावयाला वाण देतेय, दिवा तेवतोय, ताट लखलखतंय, असा व्हिडिओ. रूपल मॅडम बघतील तर वेड्या होतील. नंतर अनारसे स्टीलच्या डब्यात काढायचे, ताट पुसायचं, बांधायचं, सकाळी रवाना.

ती सासूबाईंकडं गेली. गोपिकाबाई देवापुढं पोथी उघडून बसल्या होत्या.

"आत्याबाई, वाण आज ह्या ताटात देऊ. पण नुसतं फोटोपुरतं बरं का. ताट विकलेलं हाय. दाजींना द्यायचं ते ह्या नव्या स्टीलच्या डब्यात. चालंल ना?"

गोपिकाबाईंनी मान हलवली. सावकाश, दोनदा, तीनदा.

इतक्या सहज होकार मिळाल्याचं वर्षाराणीला नवल वाटायला हवं होतं. पण तिला दिव्याची जागा ठरवायची होती.

बाराच्या सुमारास पाहुणे आले. बिभीषणराव पाटावर बसले. नवा टॉवेल-टोपी, कपाळाला गंध. गोपिकाबाईंनी ताट पुढं केलं, वर तुळशीचं पान ठेवलं आणि पळीनं पाणी सोडलं.

"थांबा, थांबा!" वर्षाराणी ओरडली. "दाजींची सावली पडली. पुन्हा एकदा. आणि आत्याबाई, बोलू नका, आवाज येतो व्हिडिओत."

गोपिकाबाईंनी पुन्हा पाणी सोडलं. आता अंगद मधे कडमडला.

"अहो, सरका ना! आत्याबाई, शेवटचं. जरा हळू सोडा, धार दिसू द्या."

गोपिकाबाईंनी तिसऱ्यांदा, अगदी धार दिसेल असं पाणी सोडलं. सुनेचं इतकं ऐकणारी सासू तालुक्यात शोधून सापडली नसती.

"झालं का?" बिभीषणरावांनी विचारलं. "का अजून एकदा घेऊ? मला काही घाई न्हाई."

व्हिडिओ झकास आला. धोंडे वाढायच्या आधीच वर्षाराणीनं तो पानावर चढवला. मग जेवणं झाली. बिभीषणरावांनी रसाच्या वाट्या मोजायचं सोडून दिलं, मोजणाऱ्यांनीही सोडलं. सुपारी कातरत ते ओट्यावर टेकले तेव्हा वर्षाराणी स्टीलचा डबा घेऊन आली आणि ताटातले अनारसे त्यात भरू लागली.

"हे काय करून राह्यल्या वहिनी?"

"काही न्हाई दाजी, डब्यात बरे राहतील. ताटात मोडतील."

"मोडू द्या ना. ताट मांडीवर घेऊन जातो मी जीपमधी."

वर्षाराणी हसली. मग तिला दिसलं की दाजी हसत नाहीत.

"दाजी, ते ताट फोटोपुरतं होतं. आत्याबाईंना इचारा. सकाळीच सांगितलं होतं मी. हो म्हणल्या त्या."

सगळ्यांनी गोपिकाबाईंकडं पाहिलं.

"मी कधी हो म्हणले?"

"मान हलवली ना तुम्ही!"

"मौन असतं माझं ह्या महिन्यात, रोजचा अध्याय संपेस्तोवर. मान जपाला हलत होती." गोपिकाबाईंनी शांतपणे पदर सारखा केला. "तू सांगून गेलीस ते ऐकलं मी. म्हणलं, बारा वाजता बोलू. बारा वाजता तूच म्हणलीस, बोलू नका, आवाज येतो व्हिडिओत."

"मंग पाणी का सोडलं?"

"तू सांगितलं म्हणून. तीनदा सांगितलं, तीनदा सोडलं. वाण एकदा दिलं तरी परत घेता येत न्हाई. हे तर तिप्पट दिलंय. ते बी ताटासकट."

अंगद खांबाला टेकून उभा होता. तो मागच्या खोलीच्या दाराकडं बघत होता, आणि त्याचे ओठ गोण्या मोजल्यासारखे हलत होते.

वर्षाराणीनं मग सगळं करून पाहिलं. पितळेचं दुसरं ताट देऊ केलं, त्यावर तांब्या देऊ केला. बिभीषणराव हात जोडून म्हणाले, "वहिनी, ताटाचं मला काय? आमच्या घरी कोणी काशात जेवत न्हाई. पण दिलेलं वाण जावयानं परत केलं, असं अंकुशनगरात झालं तर मला तोंड दाखवायला जागा राहील का? धर्माचं काम हाय हे."

"बिलकुल," प्रांजली म्हणाली. "मागच्या अधिकात वाण स्टीलमधी दिलं म्हणून माझ्या सासूनं तीन वर्षं ऐकवलंय मला. आता कुठं तोंड बंद होईल तिचं. वहिनी, तुम्ही माझं ताट मागून राह्यल्या, हे ध्यानात घ्या."

आता हे 'माझं ताट' झालं होतं. वर्षाराणीनं तांब्या बाजूला सारला, कारण खरं सांगायचं तर प्रांजलीच्या सासूला तीही ओळखत होती.

इतक्यात तिचा मोबाइल वाजला. रूपल मॅडम. हाताला अनारशांचं तूप लागलेलं, म्हणून तिनं कोपरानं बटण दाबून फोन मोठ्यानं लावला आणि ओट्यावर ठेवला. आयुष्यात काही चुका हात धुवायच्या आळसानं होतात.

"वर्षाजी, कमाल! व्हिडिओ बघितला. ते पाणी सोडणं! मी चार लोकांना दाखवला. हेच ते ताट ना? वाण दिलेलं?"

"हो मॅडम, पण…"

"तेच पाहिजे मला! नुसतं जुनं ताट कुणीही मांडतं हो. ह्याला तर धर्म लागलाय आता. रविवारी पाहुण्यांना मी हीच गोष्ट सांगणार."

"मॅडम, तीच अडचण हाय. वाण दिलं म्हणजे ताट आता आमच्या दाजींचं झालं."

"नमस्कार मॅडम," बिभीषणराव फोनकडं सरकले. सुपारी गालात गेली. "जावई बोलतो. वाण माझ्याकडंच हाय. बोला."

वर्षाराणीनं त्यांच्याकडं पाहिलं. "दाजी, तुम्ही तर आत्ता धर्म म्हणत होता!"

"म्हणत होतो ना. परत द्यायचं न्हाई म्हणलो. विकायचं न्हाई असं कुठं म्हणलो?" ते सासूबाईंकडं वळले. "का हो मामी? काही दोष?"

गोपिकाबाईंनी क्षणभर डोळे मिटले. "मी दिलं तिथं माझं संपलं. पुढं तुमचं पुण्य, तुमचा बाजार."

जी किंमत सांगायला वर्षाराणी महिनाभर धजत नव्हती, ती बिभीषणरावांनी दातातली सुपारी काढता काढता सांगितली. मॅडम लगेच हो म्हणाल्या. वर विचारलं, "अशी अजून मिळतील? वाणाची? वर्षभर लागतील मला."

"मॅडम, आमच्या कॉलनीत घरागणिक जावई हाय. समद्यांचा धोंडा ह्याच महिन्यात. जुन्या ताटात वाण द्या म्हणून सासुरवाड्यांना आजच निरोप देतो. तुमचा नंबर सांगा जल्दी."

नंबर अंगदनं लिहून घेतला. बायकोच्या धंद्यात त्यानं केलेली ही पहिली मदत.

"वहिनी, वाईट वाटून घेऊ नका," प्रांजली हळूच म्हणाली. "माझ्या सासूला एकदा दाखवून मंगच पाठवू. आणि तो उजेडाचा फोटो कसा काढायचा, तेवढं ह्यांना शिकवून ठेवा."

"आज जालन्याहूनच लावून देऊ," बिभीषणराव म्हणाले.

"मंग माझ्या सासूनं काय बघायचं? पावती?"

ह्यावर नवरा-बायकोचं जे झालं ते धर्माचं नव्हतं. शेवटी सासूला व्हिडिओ दाखवायचा आणि ताट जालन्याहून पाठवायचं असं ठरलं. राहिला प्रश्न बांधायचा. धोंड्याला आलेल्या जावयाला काम सांगत नाहीत, तेव्हा ताट वर्षाराणीनंच बांधलं. तिला राग आला होता, पण हात ऐकेनात. काठाला चिंधी, मधे पुठ्ठा, वर फुग्यांचं प्लास्टिक, सगळं नीट. वेलीला ओरखडा पडला असता तर तो तिलाच लागला असता. खोक्यावर पाठवणाऱ्याचं नाव बिभीषणरावांनी स्वतः घातलं, ठळक अक्षरात.

जीप दाराशी आली. बिभीषणरावांनी खोकं काखेत धरलं, अनारशांचा डबा प्रांजलीकडं दिला, आणि चार पावलं जाऊन परत फिरले.

"वहिनी, ते फुग्यांचं प्लास्टिक जास्तीचं असलं तर द्या ना. आमच्याकडं मिळत न्हाई."

"दे गं," गोपिकाबाई म्हणाल्या. "धोंड्याला जावयाला न्हाई म्हणू न्हाई."

वर्षाराणीनं आख्खी गुंडाळी दिली. चिकटपट्टीही दिली. त्यांची नजर मग ओट्यावरच्या कात्रीकडं वळली. ती मात्र तिनं, त्यांनी तोंड उघडायच्या आत, पदराखाली घेतली आणि आत निघून गेली.