मामांच्या नावावरची रेषा

भाचीने मामांची फाइल उघडली आणि पडद्यावर हिरवी रेषा धावू लागली. दवाखान्यात तिचं कामच ते होतं: माणसाने चोवीस तास छातीवर बाळगलेल्या यंत्रातली नोंद संगणकावर उलगडायची आणि ठोक्यांची झडती घ्यायची. दोन महिन्यांपूर्वी मामा चक्कर येऊन सायकलवरून पडले होते. रविवारच्या सायकल-शर्यतीत उतरायचं तर डॉक्टरांना रिपोर्ट चोख हवा होता. बाहेर बाकावर मामींशेजारी बसून मामा खुशाल शीळ घालत होते, तेव्हाच तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

रेषा भलतीच गुणी निघाली. मामांचं हृदय आणि इतकं शहाण्यासारखं वागणार? तिने मामा पडले त्या दिवशीची नोंद त्याच पडद्यावर मागवली आणि दोन्ही रेषा एकाच वेगाने एकीखाली एक सोडल्या. जुनीत मिनिट-दोन मिनिटांनी एक आगाऊ, रुंद ठोका मध्येच घुसत होता. नवीत त्याचा मागमूस नव्हता, आणि बाकीच्या ठोक्यांची ठेवणही निराळी. हे हृदय मामांचं नव्हतंच!

तिने दोघांना आत बोलावलं.

"मामा, काल संध्याकाळी पाच ते सहा काय करत होतात?"

"यंत्रासोबत दिलेल्या वहीत लिहिलंय की. खुर्चीत बसून पेपर वाचत होतो."

"पेपर वाचताना मिनिटाला एकशे अठरा ठोके?"

"बातम्याच तशा असतात गं हल्ली!"

"थापा पुरेत. यंत्र कुणाला लावलं होतंत?"

मामा छत न्याहाळू लागले.

"मला," मामींनी सांगून टाकलं. "म्हणाले, तुझं हृदय ठणठणीत आहे, एक दिवस उसनं दे."

"आणि तुम्ही कुठे होतात, मामा?"

"सायकलवर. सराव नको का?"

भाचीला राग आला होता, तरी हसू आवरेना. मग तिची नजर पुन्हा पडद्यावर गेली.

"म्हणजे खुर्चीत तुम्ही होतात, मामी. मग एवढी धडधड कशाची?"

मामी पर्सच्या बंदाशी चाळा करत राहिल्या. भाचीने रेषा पुढे सरकवली.

"सहा वाजून दहा मिनिटांनी ठोके एकदम बहात्तरवर आलेत. तेव्हा काय झालं?"

"फाटक वाजलं," मामी म्हणाल्या. "हे घरी आले."

मामांनी छतावरची नजर खाली आणली.

"रोज असं होतं?"

"तुम्ही पडलात तेव्हापासून. पेपर नुसता हातात धरते. अक्षर वाचलं जात नाही."

मामांच्या ओठांवर काहीतरी चावट उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. तपासणीच्या पलंगावर बसून ते शर्टाची बटणं काढू लागले.

"लाव गं तारा. ह्या खेपेला माझ्याच छातीला."

"पण रिपोर्ट सोमवारी मिळेल, मामा. रविवारची शर्यत हुकेल."

"कळतं मला," मामा म्हणाले. आणि बायकोकडे न बघताच त्यांनी सायकलची किल्ली खिशातून काढून तिच्या मुठीत कोंबली.