एका किकची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. सिहोऱ्यात तळ्याकडे जाणाऱ्या गल्लीत, पत्र्याच्या मांडवाखाली मी उभी असते. माझा रंग एकेकाळी लाल होता, आता तो विटकरी झाला आहे. माझी गोष्ट मी तुम्हाला सांगणार आहे, पण ती सगळी अभिमानाची नाही. तिच्यातला एक भाग आठवला की मला अजून मान खाली घालावीशी वाटते.

माझा जन्म दूरच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथून मी तुमसरच्या दुकानात आले आणि तिथून देवाजींनी मला घरी आणलं. देवाजी मासेमार होते. पहाटे तळ्यात जाळं टाकायचे आणि मासळीची टोपली माझ्या मागच्या सीटला बांधून बाजाराला निघायचे. परतताना ते मला तळ्याच्या काठी धुवत, चेनला तेल देत. मासळीचा वास मात्र कधी गेला नाही. शेजारचे सुखरामकाका त्यांचे जिवलग. त्यांना ते दर दोन दिवसांनी ऐकवत, "पाह्य गा सुखराम, माही गाडी एका किकची! दुसरी किक माराची पाळीच नाही येत."

ते खरं होतं. गावात माझं नावच पडलं, देवाजीची एका किकची गाडी.

देवाजी वारले आणि मी त्यांच्या मुलाकडे, प्रितमकडे आले. प्रितम तुमसरला एका कापडाच्या दुकानात काम करतो. रोज सकाळी जाणं, संध्याकाळी येणं. तो मनाने वाईट नाही, हे मी आधीच सांगून ठेवते.

पेट्रोलचा भाव चढत गेला तसा प्रितम काटकसर करू लागला. चौकात थांबायचं झालं की इंजिन बंद. पानठेल्यापर्यंत जायचं तर पायी. रोज सकाळी तो टाकीचं झाकण उघडून मला हलवी आणि आत किती डुचमळतं ते कान देऊन ऐके. त्याची बायको हर्षा दारातून हसत म्हणे, "गाडी हाय का नारळ? काहून हलवून राहिले तिले?"

सुखरामकाका तुमसरच्याच एका शाळेत शिपाई. त्यांच्याकडे एक मोपेड आहे. एकदा ते म्हणाले, "प्रितम, आपन दोघंबी एकाच रस्त्यानं, एकाच वेळेला जातो. दोन गाड्या कायले जाळाच्या? एक दिवस तुही, एक दिवस माही."

तेव्हापासून बारी ठरली. ते दिवस फार छान होते. काका मागे बसून देवाजींच्या गोष्टी सांगत, प्रितम हसे आणि रस्ता कधी सरला ते मला कळत नसे.

मग थंडी आली. एका सकाळी, प्रितमच्या बारीला, मी खरोखरच सुरू झाले नाही. वयच झालं होतं माझं. काका म्हणाले, "राहू दे गा, चाल माह्या गाडीवर." प्रितमचं एका दिवसाचं पेट्रोल वाचलं.

तो महिन्याचा शेवट होता. पुढच्या बारीला काका येण्याआधी प्रितम माझ्याजवळ वाकला. त्याने माझ्या प्लगची टोपी ओढून सैल केली. ही टोपी निघाली की ठिणगी पडत नाही आणि इंजिन सुरू होत नाही. मग काका आल्यावर त्याने त्यांच्यासमोर मला किकवर किक मारली.

"पाहा ना काका, सुरूच होऊन नाही राहिली!"

"थंडीनं अकडली असन बिचारी. चाल, बस मांगं."

मित्रांनो, त्या दिवशी मी धडधाकट होते. पण मला तोंड नव्हतं. संध्याकाळी प्रितमने टोपी पुन्हा घट्ट बसवली. पुढच्या बारीला तेच केलं, आणि त्याच्या पुढच्याही. त्या खोट्या किकांमध्ये थोडं थोडं पेट्रोल माझ्यातून न जळताच वाया जात होतं, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

एका शुक्रवारी संध्याकाळी काकांच्या पत्नी सीताबाई कुंपणापाशी आल्या. हर्षा अंगण झाडत होती.

"काकू, काका दिसत नाही आजकाल संध्याकाळी?"

"वावरात गेले. पायीच जातेत आता. गाडीतलं पेट्रोल तुमसरसाठी राखून ठेवतेत. म्हनतेत, प्रितमच्या गाडीचा भरोसा नाही राहिला."

हर्षाने माझ्याकडे पाहिलं. आत प्रितम जेवत होता. त्याचं चावणं थांबलं, ते मला बाहेर कळलं. लाजेने माझं पत्र्याचं अंग गार पडलं. साठीला टेकलेला माणूस थंडीत चालत होता, आणि त्याला चालायला लावणारं खोटं माझ्या नावावर होतं.

तरी शनिवारी प्रितमने पुन्हा टोपी काढली. आणि संध्याकाळी ती परत लावायला तो विसरला.

रविवारी सकाळी सुखरामकाका अचानक आले. हातात नट उघडायचे पाने, खांद्यावर फडकं आणि खिशात नवा कोरा प्लग.

"देवाजीची गाडी अशी कशी रुसते गा? आज पाहूनच घेतो तिले."

"राहू द्या काका," प्रितम घाईने पुढे आला. "मी मेकॅनिकले दाखवतो."

"मेकॅनिक कायले? मी काय मेलो का?"

काका माझ्याजवळ उकिडवे बसले. त्यांना टोपी लोंबताना दिसली. माझ्या साऱ्या अंगावर रस्त्याची धूळ होती, फक्त ती टोपी बोटं लागून लागून चकचकीत झाली होती. काकांनी ती हातात धरली, बराच वेळ पाहिली. मग त्यांनी मान वर करून प्रितमकडे पाहिलं. प्रितम जमिनीकडे पाहत होता.

काकांनी टोपी दाबून बसवली.

"उंदरानं काढली असन," ते शांतपणे म्हणाले. "धान घरात आलं का उंदीर लय होतेत."

हर्षाने चहा आणला. काकांनी घेतला. प्रितमचा कप तसाच राहिला, त्याच्यावर साय आली. जाताना काकांनी नवा प्लग माझ्या सीटवर ठेवला. "ठेव. कामी येईल."

सोमवारी बारी काकांची होती. ते मोपेड बाहेर काढत होते, तेवढ्यात प्रितम मला ढकलत त्यांच्या दारात आला.

"आज माह्या गाडीवर चला, काका. उद्याबी. परवाबी."

"काहून गा? उंदीर गेला का?"

"गेला नाही, काका. तुमच्या समोर उभा हाय."

काकांनी मोपेड परत आत नेली, बाहेर आले आणि माझ्या मागच्या सीटवर बसले. "चाल. देवाजीच्या मांगंबी मी असाच बसत होतो."

प्रितमने किक मारली. मी पहिल्याच किकला सुरू झाले. काकांनी माझी सीट थोपटली. "एका किकची!" ते म्हणाले. त्या कौतुकाने मला आनंद व्हायला हवा होता. पण मला लाजच वाटली.

मित्रांनो, पेट्रोल महाग आहे. ते जरूर वाचवा. पायी चाला, दोघं मिळून जा, आमची चेन आणि चाकांतली हवा नीट ठेवा, म्हणजे आम्हीही कमी पिऊ. पण आमच्या आडून खोटं बोलू नका. आम्हाला तोंड नाही, आम्हाला ते खोडून काढता येत नाही.

तो नवा प्लग अजून माझ्या हत्यारांच्या डबीत आहे. त्याची गरज कधी पडलीच नाही. रस्त्यात खड्डा आला की तो डबीत खुळखुळतो. प्रितमलाही तो ऐकू येत असावा, कारण काका मागे बसलेले असले की तो प्रत्येक खड्डा चुकवून चालवतो.