दोनदा सांगितलेलं माप

रोज सकाळी पेशंटांच्या मेल वाचायच्या, त्यातली कामाची माहिती तक्त्यात भरायची आणि तक्ता डॉक्टरांसमोर ठेवायचा, हे माझं काम. लोक मेलमध्ये वाट्टेल ते लिहितात. ताप किती विचारलं, तर तो कुणामुळे आला इथपासून सुरुवात. मी पाल्हाळ काढून टाकते आणि आकडा तेवढा ठेवते. डॉक्टर म्हणायचे, सिस्टरचा तक्ता डोळे मिटून वाचावा. मला ते ऐकायला आवडायचं.

टेलरमास्तरांच्या घरची मेल सव्वाआठच्या ठोक्याला यायची. पेशंट त्यांची बायको. हृदय थकलेलं, म्हणून पायांत पाणी साचायचं. आजींना वजनकाट्यावर तोल सांभाळता येत नव्हता, तेव्हा डॉक्टरांनी रोज उजव्या घोट्याचा घेर कळवायला सांगितला होता. सूज वाढली तर गोळी वाढवायची, आटोक्यात राहिली तर कमी करायची. मास्तर आपल्या दुकानातली टेप लावून इंचांचा आकडा मोठ्यानं सांगत आणि सून तो जसाच्या तसा टाइप करून पाठवी.

पहिला आठवडा ‘नऊ’ आलं. मग ‘नऊ, नऊ’ यायला लागलं. पुढं ‘सव्वानऊ, सव्वानऊ’. मला वाटलं, मास्तरांना एकच गोष्ट दोनदा सांगायची सवय असणार. माझ्या सासऱ्यांना आहे. मी दुसरा आकडा खोडून टाकायची. एका ओळीनं विचारता आलं असतं, पण त्यात विचारण्यासारखं काय आहे असं मला वाटलं.

तीन आठवडे आकडा जवळजवळ जागचा हलला नाही. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली. ते उत्तर मीच टाइप केलं. शेवटी ‘छान सुधारणा आहे’ हे माझ्या पदरचं.

आठ दिवसांनी ऑनलाइन तपासणी होती. मी डॉक्टरांच्या शेजारी बसले होते. पडद्यावर पलंग, त्यावर टेकून बसलेल्या आजी, बाजूला गळ्यात टेप अडकवलेले मास्तर. फोन सुनेच्या हातात होता.

“आजी, दम न लागता झोपायला किती उशा लागतात?” डॉक्टरांनी विचारलं.

“दोन, दोन,” मास्तर म्हणाले.

आजींच्या पाठीशी तीन उशा होत्या. डॉक्टर पुढं सरकले.

“मास्तर, जरा आमच्यासमोर माप घ्या बघू. सूनबाई, फोन जवळ न्या.”

मास्तरांनी टेप लावली. हात अगदी सराईत. “सव्वानऊ, सव्वानऊ,” ते म्हणाले. त्यांच्या अंगठ्यापाशी सव्वादहाची रेघ होती. घोट्याची कातडी ताणून चकाकत होती.

“मास्तर, हे सव्वानऊ कुठंय?”

मास्तरांनी सुनेच्या हातून फोन घेतला आणि ते बाहेरच्या खोलीत गेले. तिथं शिवणयंत्रापाशी उभं राहून हळू आवाजात बोलायला लागले.

“गिऱ्हाईक जाड असलं, की त्याच्या तोंडावर बेचाळीस कंबर कशी सांगायची? चारचौघांत लाजतं ते. मग एक्केचाळीस, एक्केचाळीस म्हणायचं. दोनदा म्हटलं, की एक वाढवून लिहायचं. मापाचं काम करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असतं. हिच्यासमोर सूज वाढली असं कसं बोलू, डॉक्टर? आधीच घाबरट आहे ती.”

“पण माझ्यासमोरच्या तक्त्यात आकडा एकदाच आहे,” डॉक्टर म्हणाले.

“एकदाच?” मास्तर म्हणाले. “मग मीच सांगायला चुकलो की काय?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

“ते नंतर बघू,” डॉक्टर म्हणाले. “आजींना आत्ता घेऊन या.”

फोन बंद झाल्यावर मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही. मूळ मेल उघडायला सांगितल्या आणि एकेक वाचत बसले. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आजी आमच्याच वॉर्डात दाखल झाल्या. पहिले दोन दिवस कठीण गेले. दुसऱ्या दिवशी तर डॉक्टर घरी गेलेच नाहीत. चौथ्या दिवशी मी माप घेतलं तेव्हा त्या एका उशीवर निजल्या होत्या.

“किती?”

“साडेनऊ.” मी थांबले. “एकदाच.”

आजी हसल्या. “ते मला नका शिकवू. चाळीस वर्षं पडद्यामागं बसून काज-बटणं केलीत मी. सगळं ऐकू यायचं.”

“मग घरी बोलला का नाहीत?”

“मला कळतंय हे कळलं असतं, तर ह्यांनी तेही सांगणं बंद केलं असतं. आणि तुम्ही लिहून घेत होताच की. गोळी अर्धी झाली तेव्हा जरा नवल वाटलं. पण म्हटलं, सिस्टरचं लक्ष आहे.”

मी टेप गुंडाळली, पुन्हा सोडली. मग म्हणाले, “आजी, दुसरा आकडा मी खोडत होते. रोज.”

मला वाटलं, आता तोंड फिरवतील.

“मला सांगून काय उपयोग?” त्या म्हणाल्या. “ह्यांना जाऊन सांगा. आपलंच माप चुकलं म्हणून चार दिवस धड जेवलेले नाहीत.”

मास्तर बाहेर बाकावर बसले होते. टेप गळ्यात नव्हती. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले.