शुक्रवारचे शेरे

सकाळी दहाला वहिनीचा फोन आला, अण्णांना घाम येतोय म्हणून, आणि तेव्हापासून ताईचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. अण्णा म्हणजे तिचे वडील. छातीवर हृदयाचे ठोके मोजणारी पट्टी लावून ते घरीच होते. पट्टीला काही वावगं दिसलं की दवाखान्याची गाडी आपोआप निघायची. "पट्टी आहे ना, मग घाबरू नकोस," असं ती वहिनीला म्हणाली खरी. पण ती पट्टी कुठल्या वाटेनं बोलते हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? ती वाट राखणं हीच तर तिची नोकरी होती.

मोबाइल कंपनीच्या नियंत्रण कक्षात ती बसायची. नेटवर्क एकच, पण एका घरात भावाभावांनी वाटण्या कराव्यात तसे त्याचे स्लाइस पाडलेले: एक दवाखान्यांचा, एक कारखान्यांचा, एक तुमच्याआमच्या गप्पांचा. बिघाड व्हायच्या आधीच तो ओळखणारा एक प्रोग्राम होता. भविष्य सांगतो म्हणून त्याचं नाव पडलं जोशीबुवा. जोशीबुवांनी साठ टक्क्यांच्या वर धोका सांगितला की ताई स्लाइस नेटवर्कच्या यंत्रातल्या दुसऱ्या कार्डावर हलवायची आणि संशयित कार्ड बंद करून पुन्हा चालू करायची. कार्ड ताजंतवानं व्हायचं आणि पुढे काहीच घडायचं नाही.

मग शुक्रवारी ती आठवड्याभरातल्या इशाऱ्यांपुढे शेरे लिहायची. बिघाड झाला असेल तर 'खरा', नाहीतर 'खोटी हूल'. त्या शेऱ्यांवरूनच जोशीबुवा पुढचं शिकायचे.

आज अकरा वाजता पडद्यावर सतरा नंबरच्या कार्डाच्या चुकांची रेघ चढली, बसली, पुन्हा जरा वर चढली. दवाखान्यांचा स्लाइस याच कार्डावरून जायचा, अण्णांची पट्टीसुद्धा. ताईनं जोशीबुवांकडे पाहिलं. अडतीस टक्के. हिरवा दिवा.

ही रेघ तिच्या ओळखीची होती. तिनं जुन्या नोंदी उघडल्या. याच कार्डावर असाच चढ चार वेळा आला होता आणि जोशीबुवांनी सांगितलं होतं एक्याऐंशी, मग चौऱ्याहत्तर, मग सहासष्ट, मग एकसष्ट. चारही वेळा तिनं स्लाइस हलवला, कार्ड बंद-चालू केलं, काही झालं नाही. आणि चारही वेळा तिनं आपल्या हातानं लिहिलं होतं, खोटी हूल.

जोशीबुवा बिचारे चुकले नव्हते. या बाईंनी शिकवलं तेवढंच ते मुकाट्यानं शिकले होते. बिघाड आपण टाळला म्हणून झाला नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

ती साहेबांच्या केबिनमध्ये शिरली.

"काय शंकासूर, आज काय नवीन?" साहेब म्हणाले. सगळं ऑफिस तिला याच नावानं चिडवायचं.

"सतरा नंबर जाणार, साहेब. दवाखाने हलवायला हवेत."

"जोशीबुवा किती म्हणतात?"

"अडतीस. पण ते माझ्यामुळे. मीच त्यांना गप्प बसायला शिकवलंय."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "राग मानू नकोस. तुझे वडील त्याच स्लाइसवर आहेत ना?"

हाच प्रश्न ती स्वतःला विचारत होती. भीती कार्डाची की अण्णांची? "आहेत," ती म्हणाली. "तरी हलवू द्या."

"हलव. पण जबाबदारी तुझी, तसं लिहून दे."

अकरा वीसला तिनं दवाखाने अठरा नंबरवर नेले. तिथं गप्पांच्या स्लाइसला अंग चोरून बसावं लागलं आणि लगेच तक्रारींचे फोन खणखणू लागले. अकरा चाळीसला साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"झालं समाधान? कर सतरा बंद-चालू आणि टाक शेरा लिहून."

"नाही साहेब. आज ते तसंच चालू द्या, रिकामं. दर वेळी बंद-चालू करून पुरावा मीच पुसलाय."

साहेब तिथंच उभे राहिले. रेघ बसली. आपण उगाच कांगावा केला, आता तोंड कुठं लपवायचं, असं तिला वाटू लागलं. रेघ पुन्हा चढली. अकरा बावन्नला भिंतीवरच्या पडद्यावर सतरा नंबरचा चौकोन काळा पडला.

कुणाचाही फोन तुटला नाही. त्या कार्डावर कुणी नव्हतंच. साहेब शेजारची खुर्ची ओढून मटकन बसले.

बारा वाजून नऊ मिनिटांनी वहिनीचा फोन आला. "अगं, अण्णा एकदम कोसळले! मी नंबर फिरवायच्या आत गाडी दारात! आता नेतायत, श्वास चालू आहे म्हणतात."

ताईनं फोन ठेवला आणि ती रडली, सगळ्यांसमोर, न लाजता.

"जा तू दवाखान्यात," साहेब म्हणाले. "इथलं मी बघतो."

तिनं पर्स उचलली. पण दाराकडे जाण्याआधी तिनं शुक्रवारच्या शेऱ्यांची यादी उघडली आणि 'खोटी हूल' शोधलं. एकशे बारा. सगळे तिच्या हातचे शेरे, शहरभरातल्या कार्डांपुढचे. त्यांतले इशारे खरे किती होते, हे आता जोशीबुवांनाही सांगता येणार नव्हतं आणि तिलाही. समोरच्या भिंतीवर सतरा नंबर सोडून सगळे चौकोन हिरवेगार होते.

"साहेब," ती म्हणाली, "मी परत येईपर्यंत हिरव्यावर भरवसा ठेवू नका."